लायलची डिझेल आणि ग्लेनिसचा केक

आमच्या विराबी गावात लायल हॉकिंगला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ओळख दाखवून दोन मिनिटं थांबेल असा शहाणाही नाही. थांबलात की संपलं. तुम्ही सहज विचारावं, "काय लायल, बरं आहे ना?" तर तो म्हणणार, "बरी आहे रे, पण सकाळी जरा खोकते." मग तुमच्या लक्षात येतं की हा स्वतःबद्दल बोलत नाही, बायकोबद्दल तर नाहीच नाही, हा त्या गाडीबद्दल बोलतोय.

गाडी म्हणजे एकोणीसशे ऐंशी सालची जुनी जर्मन डिझेल. कोणे एके काळी ती सायीच्या रंगाची होती, आता जुन्या दातांच्या रंगाची आहे. गावातल्या बँकेचे साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांनी ती लायलच्या गळ्यात मारली, आणि तेव्हापासून लायल आपण जर्मनीचा कारखानाच विकत घेतल्यासारखा चालतो. "सात लाख किलोमीटर!" असं तो चर्चच्या पायरीवर, दवाखान्याच्या रांगेत, परक्याच्या अंत्यविधीला सुद्धा सांगतो. त्यातले पाच लाख बँकेच्या साहेबांनी केले होते हे मात्र सांगत नाही. उरलेले दोन लाख कुठे झाले म्हणाल, तर घर ते धान्याची कोठारं, आणि कोठारं ते घर. तिथं काट्यावर ट्रक मोजायचं काम त्यानं एकतीस वर्षं केलं. ॲडलेडच्या पलीकडे माणूस कधी गेला नाही. पण सहारा वाळवंटात या गाडीचा कुठला नळ कसा तुंबतो हे तुम्हाला त्याच्याकडून ऐकायला मिळेल.

आमच्या दोन घरांमध्ये पत्र्याचं एक कुंपण आहे. एकोणीस वर्षं त्या पत्र्यापलीकडून मी जे ऐकलं त्यावर मला गॅरेज काढता येईल. दर शनिवारी सकाळी इंजिनातले टॅपेट तपासायचे. टॅपेट बिचारे आठवड्यात काय बिघडणार, पण हा फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घेऊन त्यांच्यात बोटं घालत बसणार. मग इंजिनाचा हीटर तापून समोरचा दिवा विझायची वाट. किल्ली अर्धी फिरवायची आणि हात वर करून साऱ्या जगाला गप्प करायचं. "बोलू नका. तापतेय." माझा धाकटा दीर एकदा त्या वेळी शिंकला, तर लायलनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चर्चमध्ये कुणी शिवी दिली असावी.

त्यात चार वर्षांपूर्वी त्याला नवीन शोध लागला: मासे तळलेलं तेल. चौकातल्या कॉस्टाच्या मासे-बटाटे तळायच्या दुकानातून तो वापरलेलं तेल पिंपांनी आणू लागला. जुन्या डिझेलला ते चालतं म्हणे. चालतं, मी नाही म्हणत नाही. पण ते तेल गाळायला लागतं, आणि गाळायला लायलनं काय वापरावं? बायकोचे, ग्लेनिसचे पायमोजे. ते पातळ, मांडीपर्यंतचे, चांगले. वर्षभरात त्या बाईकडे चर्चला घालायला धड जोडी उरली नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "लायल, तुझी गाडी बायकोचे कपडे पिऊन चालते."

तर तो अभिमानानं म्हणाला, "दहा लिटरमागे एकच मोजा लागतो, नरेल. एकच!"

गाडी गल्लीतून गेली की बटाटे तळल्याचा वास अर्धा तास राहतो आणि कुत्री मागं लागतात. आणि वेग किती? ऐंशी. उतारावर ऐंशी, चढावर जमलं तर ऐंशी, मागं सतरा ट्रक आले तरी ऐंशी. ट्रकवाल्यांनी त्याला एक नाव ठेवलंय. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ग्लेनिस लग्नाच्या अडतीस वर्षांत या सगळ्यावर गप्प राहिली. ती गप्प राहते म्हणून लोकांना वाटतं तिला काही वाटत नाही. लग्नाआधी ती बापाचा गव्हाचा ट्रक चालवायची, पण या गाडीच्या चाकामागं तिला लायलनं कधी बसू दिलं नाही. "ती फक्त माझं ऐकते," हे त्याचं कारण. बाजारहाटाला बाई पायी.

ग्लेनिसची एकच गोष्ट होती: स्पंज केक. बदकाच्या अंड्यांचा, हातानं घुसळलेला. आमच्या गावच्या शेतकी प्रदर्शनात ती अकरा वर्षं दुसरी आली. पहिला नंबर दर वर्षी बेरिल ट्रेझाइजचा. यंदा बेरिलच्या खुब्याचं हाड बदललं, ती ओट्याशी उभी राहू शकली नाही, आणि ग्लेनिस पहिली आली. लोक कुजबुजले, "बेरिल नव्हती म्हणून." ग्लेनिसनं ते ऐकलं. मी तिच्या शेजारीच उभी होते, तिचे कान लाल झालेले मी पाहिले.

पहिल्या नंबरवाल्यांना पुढे जिल्ह्याच्या फेरीला जायचं असतं, दीडशे किलोमीटरवर पोर्ट हॅलोरनला. तिथं अकरा गावांच्या अकरा बायका. तिथं जिंकली तर लोकांची तोंडं कायमची बंद. आणि आणखी एक होतं, ते तिनं मला एकटीला कुंपणापाशी सांगितलं. आपली मनगटं चोळत म्हणाली, "या वर्षी जमलं, नरेल. अंडी घुसळताना डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षी हे हात उचलणार नाहीत. आणि यंत्रानं मी करणार नाही."

केक साडेदहाच्या आत टेबलावर लागतो. साडेदहा म्हणजे साडेदहा. तिथल्या बायका साडेदहा वाजता दाराला आतून कडी घालतात; एकदा मेयरीणबाईंची बिस्किटं त्यांनी बाहेर ठेवली होती.

मी म्हटलं, "माझी गाडी आहे की. छोटी आहे, पण पोचवते."

लायलनं कुंपणावरून डोकं काढलं. "माझ्या बायकोचा केक त्या शिवणयंत्रातून जाणार? अगं, या गाडीचं सस्पेन्शन म्हणजे पाळणा आहे, पाळणा!"

ग्लेनिसनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू आमच्याबरोबर चल. कुणीतरी त्याला 'पुढे चल' म्हणायला हवं."

शुक्रवारचा सगळा दिवस लायल गाडीखाली होता. ऑइल बदललं, टॅपेट केले, पट्टे ओढून पाहिले, चाकांना ग्रीस भरलं. ग्लेनिसचा केक ओव्हनमध्ये असताना हा स्वयंपाकघराच्या टेबलावर इंजेक्टर पुसायला घेऊन आला. तिनं बोट दाखवलं फक्त. हा बाहेर गेला.

शनिवारी सकाळी सव्वासातला निघालो. थंडी कडक होती, गव्हाच्या शेतांवर दव पांढरं बसलेलं. ग्लेनिस पुढे, मांडीवर उशी, उशीवर केकचा डबा, डब्यावर दोन्ही हात. मी मागं, माझ्या शेजारी तेलाचं पिंप. ऐंशीच्या वेगानं आम्ही निघालो आणि मागं ट्रकांची वरात जमली. लायल बोलत होता. नळ फिरवून डिझेलवरून तेलावर गाडी कशी न्यायची, इंजिन आधी तापायला का लागतं, बंद करण्याआधी परत डिझेलवर का यायचं. मी खिडकीतून मेंढ्या मोजत होते. मेंढ्याही कंटाळलेल्या दिसत होत्या.

साडेआठला यांडुलाचा पेट्रोल पंप आला. आणि तिथं उभी होती तशीच गाडी. त्याच सालची, त्याच आकाराची, फक्त हिरवी.

आता हे तुम्हाला माहीत असायला हवं. या जुन्या डिझेलवाल्यांची एक जात आहे, आणि त्या जातीचा एकच धर्म: वाटेत दुसरी दिसली की थांबायचं. नुसता हात करून पुढे जाणं म्हणजे पाप. थांबायचं, बॉनेट उघडायचं, दोघांनी आत वाकायचं, आणि आजारी पोराच्या पाळण्यात बघावं तसं बघत राहायचं.

लायलचा हात सिग्नलच्या दांडीकडे गेला.

"पुढे चल," मी म्हटलं.

"दोन मिनिटं."

"लायल," ग्लेनिस म्हणाली.

"अगं, वेळ आहे ढिगानं! साठ किलोमीटर राहिले. दोन मिनिटं फक्त."

हिरव्या गाडीचा मालक बर्नी नोस्के नावाचा एक उंच, वाकलेला माणूस होता. लायल उतरण्याआधीच त्यानं आपलं बॉनेट वर केलं. नाव विचारायच्या आधी त्यानं किलोमीटर विचारले.

"सात लाख," लायल म्हणाला.

"नऊ," नोस्के म्हणाला.

लायलच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी काचेतून पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण तो हार मानणारा नव्हे. "माझी तळणाच्या तेलावर चालते," त्यानं सांगितलं.

नोस्केनं नाक मुरडलं. "त्या घाणीवर? पंप खाऊन टाकेल तुझा. मी असलं पाणीसुद्धा घालत नाही वायपरला."

"घाण?"

"घाणच की. पिठाचे गोळे, माशांचे काटे."

"माझ्या तेलात एक कण सापडला तर नाव बदलेन!"

"असं सगळेच म्हणतात, गड्या."

ग्लेनिसनं काच खाली केली. "लायल, फिल्टर उघडू नकोस."

तिला कसं कळलं हे मला विचारू नका. अडतीस वर्षं. लायलनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाना हातात आला होता. दोन आटे फिरले आणि फिल्टरची वाटी खाली आली. ती त्यानं सूर्याकडे धरली. खरंच स्वच्छ होतं तेल, मधासारखं.

"बघ! बघ की! कुठं आहेत काटे?"

नोस्केनं बघितलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि नाइलाजानं मान हलवली. लायल त्या क्षणी जेवढा सुखी दिसला तेवढा लग्नाच्या फोटोतही दिसत नाही. फोटो मी पाहिलाय.

मग तो वाटी परत बसवायला गेला, आणि बसेना.

वाटीच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. चार वर्षं तळणाचं तेल पिऊन ती फुगली होती, पाण्यात राहिलेल्या मॅकरोनीसारखी. खाचेत होती तोवर गपचूप होती. एकदा बाहेर निघाली ती परत आत जायला तयार नाही. लायलनं दाबली, वळवली, जीभ बाहेर काढून बसवली. वाटी कशीबशी चढवली, हातपंप मारला, किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, दोनदा खोकलं आणि गेलं. परत पंप, परत किल्ली.

"एअर घेतेय," नोस्के म्हणाला. तेवढं मलाही दिसत होतं. तेलाचे बुडबुडे निघत होते.

नऊ वाजायला पाच मिनिटं होती.

"तुमच्याकडे जादाची रिंग असेल," मी नोस्केला म्हटलं. "गाडी तीच आहे ना?"

"सहा आहेत," तो म्हणाला. "घरी. फडताळावर, चिठ्ठी लावून."

"बरोबर का नाहीत?"

"अहो बाई, एवढ्या वर्षांत कधी लागलीच नाही तर वागवायची कशाला?"

आता अक्कल असती तर कुणीही म्हटलं असतं, हिरव्या गाडीत बसा, मी सोडतो. पण दोघांच्या डोक्यात तोवर वेगळंच शिजलं होतं. "माझी काढून बघू," नोस्के म्हणाला, आणि लायल म्हणाला, "वा!" मी 'थांबा' म्हणेपर्यंत नोस्केनं आपल्या गाडीची वाटी उतरवली आणि रिंग पेचकसानं उचकटली. नऊ लाख किलोमीटर चाललेल्या गाडीची रिंग. तिचे तीन तुकडे झाले.

दोघेही त्या तुकड्यांकडे बघत राहिले. आता दोन गाड्या मेलेल्या होत्या.

"जुनी झाली होती," नोस्के म्हणाला.

"हो ना. तरी किती टिकली," लायल म्हणाला. आणि खरं सांगते, दोघं हसले. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. मग कशाची रिंग कापता येईल यावर त्यांची चर्चा सुरू झाली. सायकलची ट्यूब, गमबूट, पायपुसणं.

ग्लेनिस पुढच्या सीटवर तशीच बसून होती. डबा धरलेला. बोटं पांढरी पडली होती. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "किती वाजले, नरेल?"

"नऊ वीस."

तिनं दार उघडलं, डबा सांभाळत उतरली, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. चर्चचा कोट, हातात डबा, थंडगार वारा. पंधरा मिनिटांत फक्त एक गाईंचा ट्रक गेला, तिनं हात केला नाही. गाईंच्या ट्रकमध्ये स्पंज नेता येत नाही.

पंपाच्या आडोशाला एक छोटी पांढरी गाडी उभी होती. तिच्यात एक बाई पुस्तक वाचत बसली होती. मी आल्यापासून तिला पाहत होते, पण मला वाटलं असेल कुणी वाटसरू. तिनं पुस्तक मिटलं, काच खाली केली आणि विचारलं, "केक आहे का?"

"स्पंज," ग्लेनिस म्हणाली. "पोर्ट हॅलोरन. साडेदहापर्यंत."

"बसा," ती बाई म्हणाली. "मी इल्मा नोस्के. त्या हिरव्याची बायको."

मी मागं बसता बसता विचारलं, "तुम्ही वेगळ्या गाडीत?"

"सोळा वर्षं," इल्मा गाडी वळवत म्हणाली. "तो पुढे, मी मागं. ओढायचा दोर, थर्मास आणि पुस्तक. सोळा वर्षांत दोनशे पुस्तकं झाली. त्याला वाटतं मला सोबत आवडते."

आम्ही निघालो तेव्हा लायलचं आणि नोस्केचं डोकं एकाच बॉनेटखाली होतं. कुणी मागं वळून पाहिलं नाही.

इल्मानं गाडी एकशेदहावर ठेवली. ग्लेनिसनं डबा किंचित अधांतरी धरला होता, म्हणजे खड्डा आला तर हात खाली जातील, केक नाही. त्या मनगटांनी. मी म्हटलं, "दे माझ्याकडे." तिनं मान हलवली. पोर्ट हॅलोरन पंचवीस किलोमीटर राहिलं तेव्हा पुढे पेरणीचं अवजड यंत्र आलं, रस्ताभर रुंद, चाळीसच्या वेगानं. पुढे जायला जागा नाही. दहा वाजून गेले. इल्मानं हॉर्न वाजवला नाही, शिवी दिली नाही. दिवे दोनदा लुकलुकवले आणि वाट पाहिली. दहा मिनिटांनी त्या शेतकऱ्यानं यंत्र कच्च्या कडेला घेतलं. एवढं साधं असतं, समोरच्याला मागचं दिसलं की.

सभागृहाच्या दाराशी पोचलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा सत्तावीस झाले होते. प्रदर्शनाच्या प्रिस्कबाई कडीला हात लावून उभ्या होत्या.

"स्पंज?" त्यांनी विचारलं.

"स्पंज," ग्लेनिस म्हणाली, आणि डबा टेबलावर ठेवला. तिची बोटं डब्यावरून सुटेनात. मी एक एक सोडवली.

परीक्षक पांढरा कोट घातलेली एक बुटकी बाई होती. तिनं अकरा केक पाहिले. बोटानं दाबले, कान लावला, दातेरी सुरीनं कापून पोत पाहिला. आम्हाला तीन तास बाहेर बाकावर बसवलं होतं, दाराच्या काचेतून दिसलं तेवढं हे. इल्मा गेली नाही. म्हणाली, "त्याची घाई नाही. तो तिथंच असेल." थर्मासमधला चहा तिनं तिघींना वाटून दिला.

दीड वाजता दार उघडलं. निळी फीत ग्लेनिसच्या केकवर होती.

ती ओरडली नाही, रडली नाही. केकपुढे उभी राहून तिनं आपली मनगटं कोटाच्या बाह्यांत आत ओढून घेतली, थंडी वाजल्यासारखी. दुसऱ्या गावची एक बाई येऊन म्हणाली, "यंत्रानं केलेला नाही हा." ग्लेनिस म्हणाली, "नाही." बस्स.

अडीचला लायल आला. कोपरापर्यंत काळा, कपाळावर ग्रीस, आणि आनंदानं नुसता फुललेला. चहाच्या टेबलापाशी सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सुरू केलं, "गमबूट! कुणाच्या बापाला सुचलं नसतं! नोस्केच्या गमबुटाची वरची कड कापली, दोन रिंगा काढल्या, दोन्ही गाड्या पहिल्या झटक्यात सुरू! पहिल्या झटक्यात!" त्यानं रिंग कशी कापली ते केकच्या सुरीनं हवेत करून दाखवलं. प्रिस्कबाईंनी ती सुरी त्याच्या हातातून काढून घेतली.

मग त्याला निळी फीत दिसली.

"अरे वा! बघ, ग्लेनिस! म्हटलं होतं ना? पाळणा आहे पाळणा. माझ्या गाडीनं पोचवलं की नाही शेवटी?"

इल्मानं कप खाली ठेवला. मला वाटलं आता अडतीस वर्षांचं एकदम बाहेर पडणार, आणि मी पुढे सरकले, एक अक्षर चुकायला नको म्हणून.

ग्लेनिसनं हात पुढे केला.

"किल्ली."

"काय?"

"किल्ली दे."

"अगं, तुला नाही जमायची. ती फक्त माझं…"

"लायल. किल्ली."

त्यानं दिली. का दिली, त्यालाही कळलं नसावं. सगळ्या बायका खिडकीशी जमल्या. ग्लेनिसनं केकचा डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. म्हणजे लायल मागं, माझ्या शेजारी, पिंप मांडीवर घेऊन. तिनं किल्ली अर्धी फिरवली. लायल सवयीनं म्हणायला लागला, "बोलू नका, ताप…" तिनं आरशातून पाहिलं. त्यानं पिंप कवटाळलं. दिवा विझला, तिनं सुरू केली, क्लच सोडला, आणि गाडी अशी निघाली जशी बापाच्या ट्रकवर ती रोज निघायची.

गावाबाहेर आल्यावर काटा ऐंशीवर गेला. मग नव्वदवर. मग शंभरवर. गाडी कुरकुरली नाही. उलट मला तर वाटलं, बिचारीला मोकळं वाटलं असावं.

"शंभर," लायल पुटपुटला. "ग्लेनिस, शंभर झाले. टॅपेट…"

"दिसतोय मला काटा."

वीस किलोमीटर तो तिसऱ्या गियरबद्दल, तेलाच्या दाबाबद्दल, नळाबद्दल तोंड उघडत राहिला आणि मिटत राहिला. तिसाव्या किलोमीटरला त्याची मान पिंपावर टेकली आणि तो घोरायला लागला, तोंड उघडं टाकून.

एकोणीस वर्षांत त्या इंजिनाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नुसता ऐकला, कुणी समजावून न सांगता. फार काही वाईट नव्हता.